ग्राफिक्स कार्डचा ड्रायव्हर अपडेट करावा की नको? गेमर्सचे नेहमीचे प्रश्न

नवा ड्रायव्हर आला की दोन सल्ले एकदमच कानावर येतात. एक म्हणतो, "लगेच टाक, एफपीएस (दर सेकंदाला पडद्यावर येणाऱ्या फ्रेम, म्हणजे चित्रं) वाढतो." दुसरा म्हणतो, "हात लावू नकोस, चांगलं चाललेलं बिघडेल." दोघांच्याही गाठीशी खरे अनुभव असतात. त्यातला कोणता सल्ला तुमच्या मशीनला लागू पडतो हे तुम्हालाच ठरवता यावं, म्हणून ही प्रश्नोत्तरं. ती विंडोजवर खेळणाऱ्यांसाठी आहेत.

ड्रायव्हर नेमकं करतो काय?

गेम कार्डाच्या चिपशी थेट व्यवहार करत नाही. तो डायरेक्टएक्स, व्हल्कन किंवा ओपनजीएलच्या ठरलेल्या आज्ञा देतो आणि त्यांतून तुमच्या चिपला कळतील अशा सूचना ड्रायव्हर तयार करतो. प्रकाश, सावली, पाणी, धूर कसे दिसतील हे ठरवणाऱ्या छोट्या प्रोग्रामना शेडर म्हणतात. ते त्या चिपसाठी कंपाइल करणं हेही ड्रायव्हरचंच काम. शिवाय व्हीरॅमचा (कार्डावरच्या मेमरीचा) हिशोब, क्लॉक म्हणजे चिपचा वेग, पंख्याचा वेग, वीज किती आणि कुठून घ्यायची, यातही त्याचा हात असतो. त्यामुळे ड्रायव्हर बदलला की वेगाबरोबर तापमान, आवाज आणि स्थिरताही बदलू शकते.

एक फरक लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल. डायरेक्टएक्स ९ आणि ११ मध्ये मेमरी सांभाळण्याचं बरंच काम ड्रायव्हर परस्पर करतो. डायरेक्टएक्स १२ आणि व्हल्कनमध्ये त्यातलं पुष्कळसं गेम बनवणाऱ्यांच्या अंगावर येतं.

नव्या ड्रायव्हरनं एफपीएस खरंच वाढतो का?

कधी भरपूर, बहुतेक वेळा जेमतेम, कधी अजिबात नाही. कार्ड नवीन आहे की जुनं आणि गेम कोणता, यावर सगळं अवलंबून असतं.

याचं सर्वांत बोलकं उदाहरण इंटेलचं आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये आर्क ए७७० आणि ए७५० ही कार्डं बाजारात आली. त्यांची आखणी डायरेक्टएक्स १२ आणि व्हल्कन समोर ठेवून केलेली होती. डायरेक्टएक्स ९ च्या आज्ञा आधी डायरेक्टएक्स १२ मध्ये बदलून मग चालवल्या जात. परिणाम असा, की नवे, जड गेम बऱ्यापैकी चालायचे आणि काउंटर-स्ट्राइक ग्लोबल ऑफेन्सिव्हसारखा जुना, हलका गेम अडखळायचा. डिसेंबर २०२२ च्या ड्रायव्हरमध्ये इंटेलनं हा मार्गच बदलला आणि काही डायरेक्टएक्स ९ गेममध्ये १.८ पटीपर्यंत वेग वाढल्याचं सांगितलं. फेब्रुवारी २०२३ मध्ये कंपनीनं अशा गेममधली सरासरी वाढ ४३ टक्के असल्याचं जाहीर केलं. ऑगस्ट २०२३ मध्ये डायरेक्टएक्स ११ ची पाळी आली, तिथला कंपनीचा आकडा सरासरी १९ टक्के. कार्ड तेच होतं, त्यावरचा एकही ट्रान्झिस्टर बदलला नव्हता. आर्क घेतलेल्या माणसाला ड्रायव्हर अपडेट करू नका असं सांगणं म्हणजे त्यानं पैसे मोजून घेतलेल्या कार्डाचा मोठा हिस्सा वाया घालवणं आहे.

एएमडीनं जुलै २०२२ मध्ये (आवृत्ती २२.७.१) आपला ओपनजीएलचा भाग सुधारला आणि माइनक्राफ्टमध्ये ९२ टक्क्यांपर्यंत वाढीचा दावा केला. ज्या मुलांचा सगळा खेळ माइनक्राफ्टपुरताच आहे, त्यांच्यासाठी ते जवळजवळ नवं कार्ड मिळाल्यासारखंच होतं. एनव्हिडियानं एप्रिल २०१४ च्या ३३७.५० बीटामध्ये (चाचणीसाठीच्या आवृत्तीत) डायरेक्टएक्स ११ मधला सीपीयूवरचा भार कमी केला. ऑक्टोबर २०२२ च्या ५२२.२५ मध्ये डायरेक्टएक्स १२ वर काम करून असॅसिन्स क्रीड वल्हालामध्ये २४ टक्क्यांपर्यंत वाढ सांगितली.

हे सगळे कंपन्यांचे आकडे आहेत, त्यामुळे "पर्यंत" या शब्दाकडे नीट बघा. तो आकडा सर्वांत जास्त फरक पडलेल्या एका गेमबद्दल, एका रिझोल्यूशनवर आणि बहुधा महागड्या कार्डावर मोजलेला असतो. अशा मोठ्या उड्या वर्षानुवर्षांत एखाद्या वेळी येतात. दोन-तीन वर्षं बाजारात असलेल्या कार्डावर, आधीपासून खेळत असलेल्या गेममध्ये एकामागच्या एक ड्रायव्हरनं पडणारा फरक इतका बारीक असतो, की मोजतानाच्या चढउतारात तो हरवून जातो.

"गेम रेडी" ड्रायव्हर म्हणजे काय? तो न टाकता गेम चालणार नाही का?

बहुतेक वेळा चालतो. मोठा गेम येण्याआधी त्याची आवृत्ती ड्रायव्हर बनवणाऱ्यांच्या हातात येते. ते त्या गेमचं प्रोफाइल तयार करतात, हळू चालणारे शेडर सुधारतात, त्या गेममध्ये दिसलेले क्रॅश दुरुस्त करतात आणि डीएलएसएससारख्या (कमी रिझोल्यूशनचं चित्र एआयनं मोठं करून वेग वाढवणाऱ्या) सोयी तपासून घेतात. म्हणून एखादा नवा, जड गेम पहिल्याच दिवशी खेळायचा असेल, तर त्या दिवसापुरता नवा ड्रायव्हर टाकणं शहाणपणाचं आहे. तुम्ही पाच वर्षांपूर्वीचाच गेम खेळत असाल, तर त्या यादीतल्या नव्या नावांचा तुम्हाला काही उपयोग नाही.

अपडेट केल्यावर गेम आधीपेक्षा जास्त अडखळतो. ड्रायव्हर खराब आहे का?

लगेच तसा निकाल देऊ नका. एकदा कंपाइल झालेले शेडर डिस्कवर साठवून ठेवलेले असतात. हा साठा त्या ड्रायव्हरच्या आवृत्तीशी बांधलेला असतो. ड्रायव्हर बदलला की जुना साठा निकामी होतो आणि सगळे शेडर नव्यानं तयार करावे लागतात. त्यामुळे नवा भाग उघडला, पहिला स्फोट झाला, पहिल्यांदा पाऊस पडला, की तिथे क्षणभर झटका बसतो. तोच भाग दुसऱ्यांदा खेळताना झटका नसेल तर गोष्ट इतकीच होती.

काही गेम सुरुवातीलाच "शेडर तयार होत आहेत" असं सांगून काही मिनिटं घेतात. ते अर्ध्यावर तोडू नका. अपडेटनंतरची पहिली फेरी रँक मॅचमध्ये खेळू नका, आधी सरावाच्या नकाशावर थोडं हिंडून घ्या. दोन-तीन दिवसांनीही त्याच जागी झटके येत असतील, तर विंडोजच्या डिस्क क्लीनअपमधून डायरेक्टएक्स शेडर कॅशे साफ करून बघा. तेवढ्यानंही भागलं नाही, तर मग ड्रायव्हरवर संशय घ्यायला हरकत नाही.

ड्रायव्हरमुळे कार्ड खरंच बिघडू शकतं का, की या ऐकीव गोष्टी आहेत?

क्वचित, पण याच्या नोंदी आहेत. मार्च २०१० मध्ये एनव्हिडियाच्या १९६.७५ आवृत्तीत पंख्याच्या नियंत्रणात चूक होती. कार्डं तापू लागल्याच्या तक्रारी आल्या आणि कंपनीनं तो ड्रायव्हर मागे घेतला. नोव्हेंबर २०१५ मध्ये एएमडीच्या पहिल्या क्रिमसन ड्रायव्हरनंतर काही कार्डांचे पंखे कमी वेगावर अडकून राहिले. काही दिवसांतच १५.११.१ ही दुरुस्ती आली.

याच्या उलट घडलेली गोष्टही मला तितकीच महत्त्वाची वाटते. जून २०१६ मध्ये आलेलं एएमडीचं आरएक्स ४८० कार्ड मदरबोर्डच्या स्लॉटमधून ठरलेल्या ७५ वॉटच्या मर्यादेपेक्षा जास्त वीज घेतं, हे परीक्षकांनी मोजून दाखवलं. जुलैमध्ये १६.७.१ ड्रायव्हरनं विजेची वाटणी बदलली आणि स्लॉटवरचा भार हलका केला. त्या कार्डाच्या मालकानं "चालतंय ना, मग राहू दे" म्हणत अपडेट टाळला असता, तर जादा भाराचा धोका त्याच्याच मदरबोर्डला राहिला असता.

अलीकडचं मोठं प्रकरण २०२५ चं. जानेवारीअखेर एनव्हिडियाच्या आरटीएक्स ५० मालिकेबरोबर आलेल्या ५७२.१६ ड्रायव्हरपासून काळी स्क्रीन, अडकणं, क्रॅश अशा तक्रारी सुरू झाल्या. जुन्या मालिकांची कार्डं वापरणारेही त्यात होते. एप्रिलमध्ये आलेल्या ५७६.०२ मध्ये दुरुस्त्यांची लांबलचक यादी होती, पण त्याच आवृत्तीत एक नवी चूक शिरली. पीसी स्लीपमधून उठल्यावर तापमान दाखवणाऱ्या प्रोग्रामना खरं तापमान मिळेनासं झालं. ज्यांनी पंख्याचा वेग अशा प्रोग्रामच्या भरवशावर सोडला होता, त्यांच्यासाठी ही साधी गोष्ट नव्हती. काही दिवसांत ५७६.१५ हा हॉटफिक्स, म्हणजे घाईनं काढलेली दुरुस्ती, आला.

म्हणून अपडेटनंतर पहिल्या दिवशी एफपीएसच्या आधी तापमान आणि पंखा बघा. अकोला-चंद्रपूरच्या मे महिन्यात खोलीच तापलेली असते, तेव्हा तर नक्कीच.

ड्रायव्हरमुळे गेममधून बंदी येऊ शकते का?

आली होती. ऑक्टोबर २०२३ मध्ये एएमडीच्या २३.१०.१ ड्रायव्हरमधली अँटी-लॅग प्लस ही सोय गेमच्या इंजिनच्या फाइलमधली फंक्शन्स परस्पर वळवत होती. काउंटर-स्ट्राइक २ च्या फसवणूकविरोधी यंत्रणेला ती छेडछाड वाटली आणि खेळाडूंवर बंदी आली. एएमडीनं ती सोय काढून घेतली, गेम बनवणाऱ्या व्हॉल्वनं बंदी उठवली. यातून घ्यायचं ते एवढंच, की ड्रायव्हरच्या पॅनेलमध्ये अगदी नवी, गेममध्ये हात घालणारी सोय दिसली, तर स्पर्धात्मक गेममध्ये ती पहिल्या आठवड्यात चालू करू नका.

मग अपडेट केव्हा करायचा?

कारण असेल तेव्हा. माझ्या मते पुरेशी कारणं अशी: नवा गेम घेतला आहे, नवं कार्ड बसवलं आहे, तुम्हाला होणारा त्रास "दुरुस्त केलेल्या अडचणीं"च्या यादीत आला आहे, किंवा सुरक्षेची दुरुस्ती आली आहे. ड्रायव्हर विंडोजच्या गाभ्यात चालतो, त्यामुळे सुरक्षेचं कारण हलकं समजू नका.

यातलं एकही कारण नसेल तर आठवडाभर थांबा. त्या आवृत्तीत मोठी गडबड असेल तर तोवर ती उघड झालेली असते. मात्र कारण नाही म्हणून दोन-दोन वर्षं तसंच राहणंही बरं नाही, चार-सहा महिन्यांतून एकदा तरी बघा. आणि टाकण्याआधी दोन मिनिटं काढून प्रत्येक आवृत्तीबरोबर येणारी टिपणं वाचा. "माहीत असलेल्या अडचणी" हा त्यातला सर्वांत उपयोगी भाग, आणि नेमका तोच कुणी वाचत नाही. तुमच्या रोजच्या गेमचं नाव तिथे असेल तर ती आवृत्ती सोडून द्या.

हॉटफिक्स, बीटा, स्टुडिओ... यातला कोणता घ्यायचा?

नेहमीचा, डब्ल्यूएचक्यूएल (मायक्रोसॉफ्टची चाचणी) प्रमाणित ड्रायव्हर. हॉटफिक्स एखाद्या विशिष्ट चुकीसाठी घाईनं काढलेला असतो आणि त्याची चाचणी थोडक्यात उरकलेली असते. ती चूक तुम्हाला छळत नसेल तर तो टाकू नका. एनव्हिडियाचा स्टुडिओ ड्रायव्हर व्हिडिओ एडिटिंग, थ्रीडी वगैरे कामांसाठी तपासलेला असतो. त्यावर गेमही चालतात, त्यामुळे दिवसा काम आणि रात्री गेम असं असेल तर तो चांगला पर्याय आहे.

फरक पडला की नाही, हे कसं ओळखायचं?

मोजून. "आता स्मूद वाटतंय" यावर विसंबू नका.

सरासरी एफपीएस अर्धीच गोष्ट सांगतो. ६० एफपीएस म्हणजे एका फ्रेमला सुमारे १६.७ मिलिसेकंद. सरासरी ६० असूनही मधली एखादी फ्रेम ८० मिलिसेकंद घेत असेल, तर डोळ्यांना झटका बसतोच. त्यासाठी १ टक्का लो (सर्वांत हळू १ टक्का फ्रेमचा एफपीएस) हा आकडा आणि फ्रेमटाइमचा, म्हणजे प्रत्येक फ्रेमला लागलेल्या वेळेचा, आलेख बघा. आलेखाची रेघ सपाट असेल तर कमी एफपीएसही सुखाचा वाटतो. कॅपफ्रेमएक्स किंवा इंटेलचं प्रेझेंटमॉन हे मोफत प्रोग्राम यासाठी चांगले. एमएसआय आफ्टरबर्नर या कार्ड-नियंत्रण प्रोग्रामबरोबर येणारं रिव्हाट्यूनरही चालेल.

जुन्या ड्रायव्हरवर गेमच्या आतला बेंचमार्क तीन वेळा चालवा आणि आकडे लिहून ठेवा. नवा टाकून पीसी रीस्टार्ट करा. पहिली फेरी शेडरसाठी सोडून द्या, मग पुन्हा तीन. सेटिंग, रिझोल्यूशन, मागे चालू असलेले प्रोग्राम सगळं तेच हवं. दरम्यान गेमचा पॅच किंवा विंडोजचा अपडेट आला तर तुलना बाद. तीन फेऱ्यांमध्ये आपापसांतच दोन टक्क्यांचा फरक येत असेल, तर दोन टक्क्यांच्या वाढीला काही अर्थ नाही.

गेम सारखा क्रॅश होतो आणि मेसेज ग्राफिक्सचा येतो. म्हणजे दोष ड्रायव्हरचाच ना?

हा सर्वांत जास्त गैरसमजाचा प्रश्न आहे, म्हणून जरा सविस्तर.

कार्डानं दोन सेकंदांत प्रतिसाद दिला नाही, तर विंडोज ते अडकलं असं मानून ड्रायव्हर पुन्हा सुरू करतं. या यंत्रणेला टीडीआर म्हणतात. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ४१०१ क्रमांकाची नोंद दिसते, गेम "डिव्हाइस रिमूव्ह्ड" किंवा "डिव्हाइस हंग" म्हणत बंद पडतो. एका मिनिटात असं पुन्हा पुन्हा घडलं तर निळी स्क्रीन येते. पण या नोंदीतून कार्ड अडकलं एवढंच कळतं. का अडकलं, ते कळत नाही. चुकीचा ड्रायव्हर, जास्त ओव्हरक्लॉक (चिप ठरलेल्यापेक्षा वेगानं चालवणं), अपुरा पॉवर सप्लाय, सैल केबल, तापलेली व्हीरॅम, खुद्द गेममधली चूक, यातलं काहीही कारण असू शकतं.

ड्रायव्हरची बदनामी अगदीच उगाच झालेली नाही. विंडोज व्हिस्टाच्या काळातली मायक्रोसॉफ्टची अंतर्गत आकडेवारी एका खटल्यात उघड झाली, तेव्हा नोंदल्या गेलेल्या क्रॅशपैकी २८.८ टक्के एनव्हिडियाच्या ड्रायव्हरच्या नावावर होते. पण अलीकडचं उदाहरण नेमकं उलट आहे. इंटेलच्या १३ व्या आणि १४ व्या पिढीचे वरच्या श्रेणीचे प्रोसेसर असलेल्या पीसीवर अनेक गेम "व्हिडिओ मेमरी संपली" असा मेसेज देऊन बंद पडायचे, व्हीरॅम भरपूर मोकळी असतानाही. लोकांनी ड्रायव्हर बदलून पाहिले, कार्डं बदलून पाहिली. एप्रिल २०२४ मध्ये एनव्हिडियानं अशा ग्राहकांना सरळ इंटेलशी संपर्क साधायला सांगितलं. मूळ दोष प्रोसेसरला मिळणाऱ्या व्होल्टेजमध्ये होता. इंटेलनं ऑगस्ट २०२४ पासून बायोसमधून (मदरबोर्डच्या मूळ सॉफ्टवेअरमधून) दुरुस्त्या दिल्या आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. या पिढीचा आय७ किंवा आय९ असेल, तर ड्रायव्हरच्या मागे लागण्याआधी बायोस अपडेट करा.

शोध घेताना क्रम असा ठेवा. आधी सगळं ओव्हरक्लॉक आणि अंडरव्होल्ट (मुद्दाम कमी केलेलं व्होल्टेज) काढा. मग तापमान बघा. मग दोन-तीन वेगळे गेम चालवून पाहा. एकाच गेममध्ये त्रास असेल तर संशय गेमवर किंवा ड्रायव्हरवर. सगळ्यांत असेल तर हार्डवेअरवर. ड्रायव्हर बदलल्याच्या दिवसापासूनच सुरू झालं असेल तर जुन्या आवृत्तीवर जा. तिथेही क्रॅश होत असेल तर ड्रायव्हर निर्दोष सुटला.

जुन्या आवृत्तीवर परत कसं जायचं?

डिव्हाइस मॅनेजरमध्ये डिस्प्ले अडॅप्टर्स, तिथे कार्डावर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज, मग ड्रायव्हर टॅबमध्ये "रोल बॅक ड्रायव्हर". ते बटण फिकं असेल तर कंपनीच्या संकेतस्थळावरून जुनी आवृत्ती उतरवून "क्लीन इन्स्टॉल" निवडा.

त्यानंही भागलं नाही तर डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर, म्हणजे डीडीयू. आधी हवा तो ड्रायव्हर उतरवून ठेवा, मग इंटरनेट तोडा, सेफ मोडमध्ये जा, डीडीयू चालवा आणि रीस्टार्ट झाल्यावर ड्रायव्हर टाका. इंटरनेट तोडायचं कारण, नाहीतर मधल्या वेळात विंडोज स्वतःच्या पसंतीचा ड्रायव्हर टाकून मोकळं होतं. प्रत्येक अपडेटला डीडीयू वापरायची गरज नाही. एनव्हिडियावरून एएमडीवर किंवा उलट जाताना मात्र जरूर वापरा.

चांगला चाललेला इन्स्टॉलर डिस्कवर जपून ठेवा. फाइल अर्ध्या जीबीहून मोठी असते आणि मोबाइलच्या हॉटस्पॉटवर ती पुन्हा पुन्हा उतरवणं परवडत नाही. इन्स्टॉल होताना स्क्रीन काही क्षण काळी होते, ते नेहमीचं आहे. घाबरून बटण दाबून पीसी बंद करू नका. वीज जाण्याची वेळ असेल आणि यूपीएस नसेल तर हे काम पुढे ढकला.

मी काहीच केलं नाही, तरी गेम हळू झाला. असं कसं?

विंडोज अपडेट बघा. तो ड्रायव्हर परस्पर बदलू शकतो. "डिव्हाइस इन्स्टॉलेशन सेटिंग्ज"मध्ये "नाही" निवडलं की हे बरंचसं थांबतं. पण ड्रायव्हर तोच राहूनही वेग पडू शकतो: ऑक्टोबर २०२५ च्या विंडोज ११ अपडेटनंतर (केबी५०६६८३५) काही गेम मंदावले आणि एनव्हिडियाला नोव्हेंबरमध्ये ५८१.९४ हा हॉटफिक्स काढावा लागला.

लॅपटॉपवर काही वेगळं आहे का?

बहुतेक गेमिंग लॅपटॉपमध्ये दोन ग्राफिक्स चिप असतात आणि दोघींचे ड्रायव्हर वेगळे. चित्र पुष्कळदा प्रोसेसरमधल्या चिपमधूनच स्क्रीनवर जातं, म्हणून फक्त एनव्हिडियाचा ड्रायव्हर बदलून स्क्रीनची लुकलुक थांबत नाही. दुसराही अपडेट करा. एनव्हिडिया किंवा एएमडीचा सर्वसाधारण ड्रायव्हर बसत नसेल, किंवा बसल्यावर ब्राइटनेस, स्लीप यात गडबड होत असेल, तर लॅपटॉप कंपनीच्या पानावरचा जुना दिसणारा ड्रायव्हरच तुमच्यासाठी योग्य आहे.

नवं कार्ड घेतलं आणि जुनाच गेम हळू झाला. शक्य आहे?

आहे. आरटीएक्स ५० मालिकेत ३२ बिट कुडाचा (कार्डावर गणितं चालवण्याच्या एनव्हिडियाच्या यंत्रणेचा) आधार काढला गेला आणि त्याबरोबर जुन्या गेममधला फिजएक्सही (कापड, धूर, तुकडे यांची हालचाल दाखवणारा भाग) कार्डावर चालेनासा झाला. तो सगळा भार सीपीयूवर आला. बॉर्डरलँड्स २, माफिया २ अशा गेममध्ये फिजएक्स चालू ठेवला की वेग कोसळायचा. डिसेंबर २०२५ च्या ५९१.४४ ड्रायव्हरनं निवडक गेमपुरता हा आधार परत दिला. तुम्ही जुने गेम मनापासून खेळणारे असाल, तर हा अपडेट टाकण्यासारखा आहे.

माझं कार्ड जुनं आहे. नवे ड्रायव्हर किती दिवस येणार?

एनव्हिडियाच्या मॅक्सवेल आणि पास्कल पिढ्यांसाठी, म्हणजे जीटीएक्स ७५० टीआय, ९७०, १०५० टीआय, १०६०, १०८० टीआय वगैरेंसाठी, गेम रेडी ड्रायव्हर ऑक्टोबर २०२५ मध्ये थांबले. ५८० ही त्यांची शेवटची शाखा. सुरक्षेच्या दुरुस्त्या दर तिमाहीला ऑक्टोबर २०२८ पर्यंत मिळणार आहेत. त्याआधीची केप्लर पिढी २०२१ मध्येच थांबली. एएमडीनं ऑक्टोबर २०२५ मध्ये आरएक्स ५००० आणि ६००० मालिका वेगळ्या देखभाल शाखेत हलवल्या. त्यावर नाराजी उमटल्यावर, या कार्डांना गेमसाठीच्या सुधारणा मिळत राहतील, असं कंपनीनं स्पष्ट केलं.

आधार थांबला म्हणून कार्ड बंद पडत नाही. तुम्ही आज खेळता ते गेम उद्याही तसेच चालतील, उलट ड्रायव्हर स्थिर झाल्यानं डोकेदुखी कमीच होईल. अडचण येईल ती पुढे येणाऱ्या गेममध्ये. म्हणून सेकंडहँड बाजारात घासाघीस करताना पिढी विचारात घ्या. जीटीएक्स १०६० पुष्कळ गेममध्ये जीटीएक्स १६५० च्या तोडीचं किंवा वरचढ ठरतं, पण १६५० ट्युरिंग पिढीचं असल्यानं त्याचे गेम रेडी ड्रायव्हर ऑक्टोबर २०२५ मध्ये थांबले नाहीत. दोन्ही एकाच किमतीला मिळत असतील आणि नवे गेम खेळायचे असतील, तर मी १६५० घ्यायला सांगेन. जुन्याच गेममध्ये रमणार असाल, तर १०६० चं सहा जीबीचं मॉडेल खुशाल घ्या.